इस्रायलमध्ये घरगुती केअरगिव्हर म्हणून जायचंय? परवानगी नेमकी कोणाची लागते, आणि ती कोणाच्या नावावर असते?

दहावी पास. वय २५ ते ४५. रुग्ण सांभाळण्याचं प्रशिक्षण. कामचलाऊ इंग्रजी. आणि पगार महिन्याला सुमारे १ लाख ३१ हजार रुपये.

राज्यातल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रांमार्फत अशा आशयाची माहिती २०२५मध्ये आली आणि नर्सिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत राहिली. इस्रायलमध्ये घरगुती काळजीवाहकांच्या ५,००० जागा. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात अशी बातमी लगेच पसरते. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय अशी दोन मोठी रुग्णालयं इथे काही किलोमीटरच्या अंतरावर आहेत. त्यांच्या आजूबाजूला नर्सिंगचं शिक्षण आहे, वॉर्डात काम केलेल्या बायका-पोरं आहेत आणि घरी पेशंट सांभाळायला जाणाऱ्या मावश्याही आहेत. हिंगणघाट किंवा आर्वीच्या एखाद्या खासगी दवाखान्यात राबणाऱ्या मुलीला १ लाख ३१ हजार हा आकडा ऐकल्यावर पहिला प्रश्न काय पडणार? "व्हिसा मिळेल का?"

प्रश्न बरोबर आहे, फक्त अर्धा आहे. घरगुती काळजीवाहकाच्या कामात व्हिसाइतकीच महत्त्वाची आणखी एक परवानगी असते आणि ती तुमच्या नावावर नसते. ज्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही सांभाळणार, त्याच्या नावावर असते. तो माणूस गेला की ती परवानगीही संपते. जाहिरातीत हे कुठेच ठळक अक्षरात नसतं. म्हणून सगळी साखळी एकदा पहिल्यापासून बघू.

आधी हे प्रकरण सुरू कुठून झालं?

इस्रायलमध्ये भारतीय काळजीवाहक नवीन नाहीत. ऑक्टोबर २०२३मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तिथे साधारण १८ हजार भारतीय नागरिक होते आणि त्यातले बहुसंख्य वृद्धांची देखभाल करणारेच होते. त्यात केरळ आणि आंध्र-तेलंगणातून गेलेल्यांची संख्या मोठी. ही मंडळी खासगी एजंटांमार्फत गेली होती.

मे २०२३मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले तेव्हा ४२ हजार भारतीय कामगार नेण्याबाबत करार झाला. त्यात ३४ हजार बांधकामासाठी आणि ८ हजार शुश्रूषेसाठी. नोव्हेंबर २०२३मध्ये त्याला सरकार ते सरकार भरतीची चौकट मिळाली. म्हणजे काय, तर इस्रायलच्या बाजूने तिथलं लोकसंख्या व स्थलांतर प्राधिकरण आणि भारताच्या बाजूने राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, म्हणजे एनएसडीसी, उमेदवार निवडणार. मधल्या एजंटचं काम संपवायचं, असा हेतू. फिलिपिन्सशी २०१८मध्ये आणि नेपाळशी २०२०मध्ये इस्रायलने केलेल्या करारांमागेही हेच कारण होतं, कारण तिथे जाणाऱ्या काळजीवाहकांकडून एजंट प्रचंड पैसे उकळत होते.

सप्टेंबर २०२४मध्ये इस्रायलने दुसऱ्या फेरीची मागणी नोंदवली. १० हजार बांधकाम कामगार आणि ५ हजार काळजीवाहक. या फेरीत महाराष्ट्रावर भर होता.

आता दुसरी बाजू. केंद्राने संसदेत दिलेल्या माहितीनुसार जुलै २०२५पर्यंत या सरकारी मार्गाने साडेसहा हजारांहून जास्त बांधकाम कामगार इस्रायलला पोहोचले होते. काळजीवाहक किती? पन्नाशीच्या आत.

मागणी हजारांत आणि प्रत्यक्ष गेलेले पन्नासच्या आत, हा फरक लक्षात ठेवावा. गवंडी किंवा लोखंड वाकवणारा कारागीर एखादी कंपनी घाऊक मागवते. काळजीवाहक मात्र एकेका घराला हवा असतो. तिथलं कुटुंब, तिथला रुग्ण आणि इथली व्यक्ती अशी एकास एक जोडी जुळावी लागते. त्यामुळे "यादीत नाव आलं" आणि "विमानात बसलो" यात बरंच अंतर राहतं. नाव आलं म्हणून चालू नोकरीचा राजीनामा देऊ नये, हे यावरूनच कळतं.

भारत सरकारची परवानगी लागते का?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३चा उत्प्रवास कायदा आहे. त्यानुसार 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाचा अधिकारी कामगाराचा करार, मालक आणि विमा तपासून जाण्याची मंजुरी देतो. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय मुंबईत आहे. आता सगळं ई-मायग्रेट पोर्टलवर होतं, त्यामुळे वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेस पकडून फाइल घेऊन जायची गरज राहिलेली नाही.

पण ही मंजुरी सगळ्यांना लागत नाही. त्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, तुमच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का असणं. साधारणपणे दहावी न झालेल्यांना तो असतो. आणि दोन, तुम्ही ठरावीक १८ देशांपैकी एकात चाललेले असणं. या यादीत सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, संयुक्त अरब अमिराती हे आखाती देश आहेत. मलेशिया, जॉर्डन, लेबनॉन, इराक वगैरे आहेत.

इस्रायल या यादीत नाही.

म्हणजे दहावी पास झालेली, इस्रायलला चाललेली वर्ध्याची मुलगी भारत सरकारच्या उत्प्रवास मंजुरीच्या चाळणीतून जातच नाही. वरवर पाहिलं तर हे सोपं वाटतं. एक कागद कमी! पण त्याचा उलटा अर्थही आहे. खासगी एजंटमार्फत गेल्यास तुमचा करार वाचणारा, पगाराचा आकडा आणि मालकाचं नाव पडताळणारा भारताच्या बाजूने कोणीही नसतो. सरकारी मार्गाने गेलात तर ते काम एनएसडीसी आणि तिथलं प्राधिकरण करतं. माझ्या मते सरकारी रांगेत थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, मग ती रांग कितीही हळू सरकत असो.

मंजुरी बंधनकारक नसली तरी विमा घ्यायला हरकत नसते. प्रवासी भारतीय बिमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता आहे, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण. ईसीआर पासपोर्टवाल्यांना ती सक्तीची आहे, बाकीच्यांनी मागून घ्यायची.

नर्सेसचा मामला वेगळा आहे. २०१५पासून या १८ देशांत नर्स म्हणून जायचं असेल तर पासपोर्ट कोणताही असो, मंजुरी लागतेच, आणि भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी लागते. आखातात घरकामाला किंवा घरी देखभालीला जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टधारक महिलांसाठी वयाची किमान अट ३० वर्षांची आहे. नियम कडक आहेत, म्हणूनच पळवाटही ठरलेली आहे. "आधी टुरिस्ट व्हिसावर दुबईला चल, तिथे काम लावून देतो." असं कोणी म्हणालं, की त्याने तुम्हाला एकाच वाक्यात दोन देशांच्या कायद्यांबाहेर काढलं असं समजा.

१९८३च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. दहावीच्या शिक्क्यावर कामगाराचं संरक्षण ठरवायचं की तो कुठलं काम करायला चाललाय त्यावर, हा वाद त्या निमित्ताने पुन्हा व्हायला हवा. चार भिंतींच्या आत एकट्याने काम करणाऱ्या बाईला दहावीच्या गुणपत्रिकेचा किती आधार मिळणार?

९९० तासांचं गणित

इस्रायलच्या भरतीत सगळ्यात जास्त लोक अडखळतील अशी अट म्हणजे प्रशिक्षणाची. मान्यताप्राप्त संस्थेतून काळजीवाहकाचा कोर्स आणि प्रत्यक्ष कामासह किमान ९९० तास.

रोज सहा तास धरले तर ९९० तास म्हणजे १६५ दिवस. रविवार सोडले तर सहा महिन्यांहून थोडे जास्त. कौशल्य विकास योजनांमधले कमी मुदतीचे जनरल ड्यूटी असिस्टंटचे, म्हणजे जीडीएचे, अनेक कोर्स याहून छोटे असतात. त्यामुळे "माझ्याकडे जीडीएचं सर्टिफिकेट आहे" एवढं पुरत नाही. त्या सर्टिफिकेटवर किंवा सोबतच्या पत्रावर तास लिहिलेले आहेत का, वॉर्डातल्या कामाची नोंद आहे का, ते बघावं लागतं. एएनएमचा कोर्स दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा. त्यामुळे त्यांना तासांची अडचण येत नाही.

मग खरी पंचाईत कोणाची? ज्या बायका दहा-पंधरा वर्षं घरोघरी पेशंट सांभाळतात त्यांची. अर्धांगवायू झालेल्या माणसाला कूस बदलवणं, बेडसोअर होऊ न देणं, नळीने भरवणं, रात्री तीनला उठून डायपर बदलणं, हे सगळं त्यांना येतं. पण कागद नसतो. पंधरा वर्षांचा अनुभव या हिशोबात शून्य तास ठरतो.

वर्धा जिल्ह्यासाठी ही बोचणारी गोष्ट आहे. सेवाग्राम आश्रमात आजही परचुरे शास्त्रींची कुटी दाखवतात. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडिताची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हाताने करत. शेजारच्या दत्तपूरला १९३६मध्ये मनोहर दिवाणांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचं काम सुरू केलं. शुश्रूषेला या जिल्ह्याने एके काळी मोठा मान दिला. तेच काम पगारावर करणाऱ्या बाईच्या हातात मात्र साधा अनुभवाचा दाखलाही नसतो. ती जिथे काम करते त्या घरांनी तो कधी दिलेला नसतो आणि तिनेही मागितलेला नसतो.

अर्ज करायचा विचार असेल तर बाकीचे कागदही वेळ खातात. पासपोर्ट आणि परदेशासाठीचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट ही दोन्ही कामं नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. दहावीच्या सनदेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि लग्नानंतर बदललेलं नाव या तिन्हींत फरक असेल तर तो आधी मिटवून घ्या. वैद्यकीय तपासणी होते. आणखी एक अट अनेकांना उशिरा कळते. तुमचा नवरा किंवा बायको, आई-वडील किंवा मुलं यांच्यापैकी कोणी आधीच इस्रायलमध्ये काम करत असेल तर तुम्हाला प्रवेश मिळत नाही. भाऊ-बहीण असतील तर चालतं. जोडप्याने मिळून जाऊन चार पैसे गाठीला बांधू, हा बेत तिथे बसत नाही.

इस्रायलची परवानगी: कागद दोन, माणसं दोन

आता मुख्य मुद्दा.

इस्रायलमध्ये काळजीवाहकाला बी-१ प्रकारचा काम-व्हिसा मिळतो. पण त्याआधी तिथल्या कुटुंबाला परदेशी काळजीवाहक ठेवण्याचा परवाना मिळवावा लागतो. तो सरसकट मिळत नाही. उठणं-बसणं, आंघोळ, कपडे घालणं, जेवण, शौच या गोष्टींसाठी त्या व्यक्तीला दुसऱ्याची किती मदत लागते हे तपासलं जातं, आणि परावलंबन पुरेसं असेल तरच परवाना मिळतो. परवाना त्या रुग्णाच्या नावावर असतो. तुम्ही तिथे काम करायचं ते त्या एका माणसासाठी.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, फावल्या वेळात शेजारच्या घरी भांडी घासून किंवा दुसऱ्या आजोबांकडे दोन तास बसून जादा पैसे मिळवणं तिथे बेकायदा आहे. "मोकळ्या वेळात अजून कमाई होते" असं सांगणारा एजंट तुम्हाला व्हिसा गमावण्याचा रस्ता दाखवत असतो. दुसरी गोष्ट म्हणजे, रुग्णाच्या मुलीने "आज माझ्या घराचीही साफसफाई करून दे" म्हटलं तर ते तुमच्या कामात येत नाही.

रुग्ण आणि काळजीवाहक या दोघांचीही नोंद एका परवानाधारक खासगी ब्युरोकडे असावी लागते. या ब्युरोचे समाजसेवक घरी भेट देऊन परिस्थिती बघतात, निदान बघणं अपेक्षित असतं. आपल्याकडच्या नर्सिंग ब्युरोशी याची तुलना करू नका. तुमची कायदेशीर स्थिती या नोंदणीवर टिकून असते. ब्युरोचं नाव माहीत नसलेली काळजीवाहक म्हणजे स्वतःचा पत्ता माहीत नसलेली माणूस.

पूर्वी नियम याहून जाचक होता. व्हिसावर मालकाचंच नाव असे आणि नोकरी सोडली की माणूस त्या क्षणी बेकायदा ठरे. मार्च २००६मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ही 'बांधून ठेवण्याची' पद्धत कामगारांच्या हक्कांचा भंग करणारी ठरवली. 'काव लाओवेद' या कामगार हक्क संघटनेने आणि इतरांनी ही लढाई लढली होती. त्यानंतर मालक बदलण्याची मुभा आली. पण २०११मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून काळजीवाहकांच्या हालचालीवर पुन्हा मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला दिला. किती वेळा मालक बदलता येईल, कोणत्या भौगोलिक विभागात काम करता येईल, हे सरकार ठरवू शकतं. म्हणजे दावं सुटलं, पण कुंपण राहिलं.

आजी गेल्या, तर?

हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण या कामात तो अटळ आहे. परवाना मिळालेली व्यक्ती मुळातच खूप आजारी किंवा खूप वयस्क असते. ती तुमच्या समोर जाणं हा अपवाद नाही.

रुग्णाचा मृत्यू झाला किंवा त्याला वृद्धाश्रमात हलवलं की ते काम संपतं. तुम्हाला ब्युरोमार्फत दुसरं घर शोधावं लागतं आणि त्यासाठी साधारण ९० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात परवाना असलेल्या नव्या रुग्णाकडे नोंद झाली नाही तर व्हिसा धोक्यात येतो. राहण्याची जागा तर पहिल्या दिवसापासूनच नसते, कारण तुम्ही राहता ते घर त्या आजींचंच असतं.

इस्रायलमध्ये परदेशी कामगाराला राहता येतं ते साधारण ६३ महिने, म्हणजे सव्वापाच वर्षं. काळजीवाहकांना पुढे मुदतवाढ मिळू शकते, पण त्याच रुग्णाकडे काम चालू असेल तर. ती वाढलेली सगळी वर्षं एका माणसाच्या आयुष्याला बांधलेली असतात.

आता याला कर्जाची जोड द्या. समजा, समुद्रपूरची एखादी ताई एजंटला पाच लाख देऊन गेली आणि ते पैसे महिना दोन टक्क्यांनी उचललेले आहेत. नुसतं व्याज महिन्याला दहा हजार. पहिल्या चार महिन्यांत रुग्ण गेला, पुढचे दोन-अडीच महिने काम मिळालं नाही. त्या काळात तिच्याकडे पगार नाही, घर नाही, आणि मिळेल ते काम कोणत्याही अटीवर घेण्याशिवाय इलाज नाही. शोषण होतं ते बहुतेक वेळा इथे. मालक दुष्ट असायचीही गरज नसते. कर्ज आणि ९० दिवसांची मुदत एवढं पुरतं. कर्ज न काढता गेलेली ताई हेच अडीच महिने ओळखीच्या मैत्रिणींच्या खोलीवर राहून, नीट पारखून दुसरं घर निवडू शकते.

१ लाख ३१ हजारांत काय काय आलं?

हा आकडा खोटा नाही. तो इस्रायलच्या किमान वेतनाच्या आसपासचा आहे. तिथे किमान वेतन महिन्याला १८२ तासांच्या पूर्णवेळ कामासाठी ठरतं. एप्रिल २०२५पासून ते सुमारे ६,२४८ शेकेल झालं. रुपयातला आकडा विनिमय दराप्रमाणे हलत राहतो, त्यामुळे करारात शेकेल किती लिहिलेत ते बघायचं.

पगारातून मालक काही कपाती करू शकतो. आरोग्य विम्याचा काही भाग, राहण्याचा खर्च वगैरे. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या २५ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. पूर्ण २५ टक्के कापले असं धरलं तर १ लाख ३१ हजारांतून जवळपास ३३ हजार जातात आणि हातात ९८-९९ हजार उरतात. राहणं-खाणं त्याच घरात, म्हणून बचत चांगली होते, हेही खरं.

तासांचं मात्र वेगळं आहे. घरातच राहणाऱ्या काळजीवाहकाला जादा कामाचा मोबदला, म्हणजे ओव्हरटाइम, मिळत नाही. एका फिलिपिनो काळजीवाहकेने हा प्रश्न इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २००९मध्ये निकाल विरोधात गेला. फेरसुनावणी झाली आणि २०१३मध्येही तोच निकाल कायम राहिला. तिथला कामाच्या तासांचा कायदा घरात राहणाऱ्या काळजीवाहकाला लागू होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. १८२ तासांचा पगार घेऊन रोज बारा तास धरले तरी महिन्याला तीनशेच्या वर तास भरतात. रात्री उठावं लागतं ते वेगळंच.

आठवड्याची सुट्टी मात्र हक्काची आहे, सलग किमान २५ तास. ती कोणत्या वारी, हे करारात लिहून घ्यावं. सुट्टी न घेता काम केलं तर त्याचे वेगळे पैसे ठरतात, तेही आधीच बोलून घ्यावं. घरच्यांनी प्रेमाने "तू तर आमच्यातलीच आहेस" म्हणायला सुरुवात केली की सुट्टी मागणं कठीण होतं. हे मुंबई-पुण्यात पेशंटकडे राहणाऱ्या बायकांना सांगायला नको.

भाषेचा थोडा विचार करा. इंग्रजीवर निवड होते, पण नव्वदीतल्या आजीला हिब्रू, रशियन किंवा अरबीच येत असण्याची शक्यता जास्त. कोकणातून गेलेले बेने इस्रायली मराठी बोलतात, अश्दोद, लोद, दिमोना या शहरांत त्यांची वस्ती आहे आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघत आलं आहे. एखाद्या मराठी बोलणाऱ्या आजोबांचं घर मिळालं तर भाग्यच. पण त्या भरवशावर जाऊ नये.

युद्धाचं काय?

जाहिरातींमध्ये हे काम युद्धाशी संबंधित नाही, असं आवर्जून सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण रॉकेट कामाचा प्रकार बघून पडत नाही. मे २०२१मध्ये अश्कलोन शहरात रॉकेट पडून केरळच्या एका काळजीवाहक महिलेचा मृत्यू झाला. ती एका वृद्धेला सांभाळत होती. जून २०२५मध्ये इराणशी बारा दिवसांचं युद्ध झालं तेव्हा भारताने 'ऑपरेशन सिंधू'द्वारे तिथल्या नागरिकांना बाहेर काढलं.

काळजीवाहकाची इथे वेगळी अडचण आहे. भोंगा वाजला की मिनिटभरात, सीमेजवळ तर काही सेकंदांत, सुरक्षित खोलीत जावं लागतं. तुम्ही धावू शकता. पण पलंगावरून न उठणारी आजी? ज्या घरात जाणार तिथे घरातच सुरक्षित खोली आहे का, हा प्रश्न पगाराच्या आधी विचारावा असा आहे.

दुसरे देश आहेत ना?

आहेत, पण दारं पटापट उघडतात आणि मिटतात. ब्रिटनने २०२२मध्ये केअर वर्कर्सना व्हिसा दिला, मार्च २०२४मध्ये त्यांच्या कुटुंबीयांना नेण्यावर बंदी घातली आणि २२ जुलै २०२५ला परदेशातून नवी भरतीच बंद केली. तरीही "यूके केअर व्हिसा"ची पोस्ट दिसली तर पुढचं वाचायची गरज नाही. कॅनडाची घरगुती काळजीवाहकांसाठीची योजना ३१ मार्च २०२५ला उघडली आणि काही तासांत भरली. जपानने एप्रिल २०२५पासून परदेशी काळजीवाहकांना घरी जाऊन सेवा देण्याची वाट मोकळी केली. तिथे जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे गर्दी कमी. वर्षभर भाषेला देण्याची तयारी असलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलींनी तिकडे नीट बघावं, असं मला वाटतं. इस्रायलची किमान २५ वयाची अट त्यांना तसंही थांबवतेच.

एजंट समोर बसलाय. काय विचारायचं?

परदेशी भरती करणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून तपासता येतो. त्याच पोर्टलवर बेकायदा एजंटांची यादीही असते. नियमाने एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. १८ टक्के धरून ३५,४००. पावतीसह. याच्या वर मागितलं तर तो "प्रोसेसिंग", "तिकडच्या ब्युरोचे", "फाइलचे" असं काहीही नाव देईल. नावं बदलतात, नियम तोच राहतो.

मग त्याला विचारा: रुग्णाचं नाव काय, वय किती, शहर कोणतं? त्या घराचा परवाना कधीपर्यंत आहे? ब्युरोचं नाव? त्या कुटुंबाशी व्हिडिओ कॉल होईल का? रुग्णाचं वजन किती, उचलावं लागतं का? उत्तर "तिकडे गेल्यावर कळेल" असं असेल, तर त्याच्याकडे घर नाही, फक्त व्हिसाची गोष्ट आहे. नावापुरता परवाना दाखवून माणूस नेणं आणि तिथे पोहोचल्यावर काम न देणं, हा या धंद्यातला जुना प्रकार आहे.

वर्ध्यात चौकशीची पहिली जागा म्हणजे जिल्हा कौशल्य विकास केंद्र. तिथे नोंदणी करायला पैसे पडत नाहीत. भरती सध्या चालू आहे की यादी तुंबली आहे, आणि तुमचा कोर्स ९९० तासांत बसतो का, हे तिथे लेखी विचारा. तोंडी उत्तर महिन्याने बदललेलं असतं.

निघायचं ठरलंच तर कराराची प्रत इंग्रजीतली आणि स्वतःला कळणाऱ्या भाषेतली, अशा दोन्ही घ्या. करार, व्हिसा, ब्युरोचा फोन आणि रुग्णाच्या घराचा पत्ता यांचा एक संच गावी अशा माणसाकडे ठेवा, जो तालुक्याला जाऊन ऑनलाइन तक्रार भरू शकेल. परदेशात अडकलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे आणि त्यावर घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात. तेल अवीवमध्ये भारतीय दूतावास आहे, काव लाओवेदचं कार्यालयही त्याच शहरात आहे. पासपोर्ट मालकाकडे किंवा ब्युरोकडे "सांभाळायला" द्यायचा नसतो. तो काढून घेणं इस्रायलच्या कायद्यानेही गुन्हा आहे.